अस्थिमज्जारोपण आणि एका निद्रिस्त विषाणूचा शोध

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लढाया, तह आणि राजे गादीवर आल्याच्या सनावळ्या उभ्या राहतात. माझें सारें आयुष्य हिंगोली जिल्ह्यांतील शाळांतून त्याच सनावळ्या मुलांकडून पाठ करून घेण्यांत गेलें. तेव्हां त्यांच्याविषयीं मला अनादर आहे असें कोणीं समजूं नये. परंतु रोगांनाहि इतिहास असतो, आणि रोगाचें खरें कारण माणसाला कसें उमगलें याचा इतिहास तर पुष्कळदां राज्यक्रांतीच्या इतिहासाहून उद्बोधक असतो. आज मी अशाच एका विकाराची हकीकत सांगणार आहें. विकार विरळा आहे. पण ज्यांच्यावर प्रसंग गुदरतो त्यांना तो मुळींच लहान वाटत नाहीं.

अस्थिमज्जारोपण हा शब्द आतां वृत्तपत्रांमुळें खेड्यापाड्यांतहि पोंचला आहे. रक्ताच्या कर्करोगानें, किंवा रक्त मुळांतच तयार न होण्याच्या विकारानें ग्रासलेल्या रोग्यास दुसऱ्या निरोगी माणसाची मज्जा देऊन बरें करण्याची ही विद्या. रोपण झालें, नवी मज्जा रुजली, घरचीं माणसें नवस फेडण्याच्या गोष्टी बोलूं लागलीं, अशा वेळीं, म्हणजे साधारणतः तिसऱ्या आठवड्यापासून पुढें, कांहीं रोग्यांना एकाएकीं लघवीवाटे रक्त जाऊं लागतें. प्रारंभीं लघवी नुसती तांबूस दिसते. पुढें रक्ताच्या गांठी पडतात. आणि त्या गांठींनीं मूत्रमार्ग तुंबला म्हणजे रोगी वेदनेनें तळमळतो. वैद्यकांत यास रक्तस्रावी मूत्राशयदाह म्हणतात. हें रक्त आलें कोठून, आणि यांत दोष कोणाचा, हा प्रश्न त्या क्षणीं घरांतील प्रत्येकाच्या मनांत उठतो. डॉक्टरांनाहि तो पडला होता, आणि त्याचें बरोबर उत्तर मिळावयास पुष्कळ वर्षें लागलीं.

प्रथम मज्जेविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. आपल्या हाडांच्या पोकळींत जो मऊ, तांबडा भाग असतो ती अस्थिमज्जा. प्राणवायु वाहणाऱ्या तांबड्या पेशी, शरीराचें रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविणाऱ्या बिंबिका या सर्वांची जन्मभूमि तीच. रक्ताच्या कर्करोगांत ही जन्मभूमीच बिघडते. शेतांत कुंदा माजला म्हणजे वरवर खुरपून भागत नाहीं, खोल नांगरट करावी लागते, हें आमच्या भागांतील शेतकऱ्यास सांगावयास नको. येथेंहि तोच मार्ग आहे. तीव्र औषधें आणि कित्येकदां क्ष-किरण यांच्या साह्यानें रोग्याची जुनी मज्जा निःशेष करितात, आणि मग जुळणाऱ्या दात्याची मज्जा, रक्त चढवितात तशी, शिरेवाटे सोडतात. ती आपण होऊन हाडांत जाऊन वसते. नांगरट आणि नवें पीक यांच्यामध्यें जे दोन-तीन आठवडे जातात त्या काळांत रोग्याच्या शरीरास रक्षक असा जवळजवळ कोणीच नसतो. आणि नव्या पेशी दिसूं लागल्यावरहि त्यांना पुरतें बळ यावयास कित्येक महिने लागतात. आपल्या कथेंतील सारें संकट याच निर्नायकी काळांत पेरलें जातें.

या विद्येला चालना मिळाली ती, विलक्षण गोष्ट अशी कीं, संहाराच्या शस्त्रांमुळें. १९४५ सालीं हिरोशिमा आणि नागासाकी येथें अणुबाँब पडले. स्फोटांतून वांचलेलीं माणसें पुढें मज्जा नष्ट होऊन मरतात हें दिसून आलें, आणि नष्ट झालेली मज्जा परत देतां येईल काय, या प्रश्नाकडे शास्त्रज्ञ वळले. अमेरिकेंतील डॉ. ई. डॉनल थॉमस यांनीं माणसांवरील आपले पहिले प्रयोग १९५७ सालीं प्रसिद्ध केले. त्या पहिल्या रोग्यांपैकीं कोणीहि फार दिवस जगलें नाहीं. पुढच्याच वर्षीं फ्रान्समध्यें जाँ दॉसे यांनीं पेशींवरील ओळखखुणांचा शोध लावला, आणि कोणाची मज्जा कोणास मानवेल हें ठरविण्याचा मार्ग मोकळा झाला. या खुणा सख्ख्या भावंडाशीं पूर्णपणें जुळण्याचा संभव चारांत एक एवढाच असतो. पुष्कळांनीं हें काम सोडून दिलें. थॉमस यांनीं सोडलें नाहीं. १९९० सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

महाराष्ट्रांत या विद्येची पूर्वपीठिका एका शोकांतून सुरू होते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढल्या वर्षीं सर दोराबजीहि निवर्तले. परंतु त्यांनीं मागें ठेवलेल्या विश्वस्तनिधीच्या द्वारें मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उभें राहिलें आणि तें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें गेलें. ज्या रोगानें मेहरबाई गेल्या त्याच रोगानें पीडलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीवर, त्याच रुग्णालयांत, २० मार्च १९८३ रोजीं भारतांतील पहिलें यशस्वी मज्जारोपण झालें. मज्जा तिच्या भावाची होती. रोपण करणारे डॉ. सुरेश अडवाणी यांना लहानपणींच पोलिओनें पंगु केलें होतें. चाकांच्या खुर्चींत बसून ते रोगी तपासीत. सिॲटल येथें थॉमस यांच्याकडे ही विद्या शिकून ते मायदेशीं परतले होते. २००२ सालीं पद्मश्री आणि २०१२ सालीं पद्मभूषण देऊन सरकारनें त्यांचा गौरव केला. टाटा स्मारकाचें मज्जारोपणाचें काम आतां नवी मुंबईंतील खारघरच्या केंद्रांत चालतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. लघवींतून रक्त जाण्याचा पहिला आरोप औषधावर आला, आणि तो निराधार नव्हता. जुनी मज्जा काढून टाकण्यासाठीं जें औषध सर्रास वापरीत त्याचें नांव सायक्लोफॉस्फमाइड. त्याचें कुळ शोधीत गेलें तर आपण पुन्हां रणांगणावरच येऊन पोंचतों. पहिल्या महायुद्धांत १९१७ सालीं ईप्र येथें जर्मनांनीं मस्टर्ड वायु सोडला. त्या वायूनें मेलेल्या सैनिकांच्या शरीरांत पांढऱ्या पेशी विलक्षण घटल्याचें डॉक्टरांनीं टिपून ठेविलें. ज्यानें पांढऱ्या पेशी मरतात त्यानें पांढऱ्या पेशींचा कर्करोगहि मरेल, या विचारानें १९४२ सालीं अमेरिकेंतील येल येथें त्या वायूच्या जातीचें एक द्रव्य रोग्यास देण्यांत आलें. त्याच कुळांतील सौम्य औषध म्हणून जर्मनींत नॉर्बर्ट ब्रॉक आणि त्यांचे सहकारी यांनीं १९५८ च्या सुमारास सायक्लोफॉस्फमाइड पुढें आणलें.

हें औषध शरीरांत गेलें म्हणजे त्याचे तुकडे होतात, आणि त्यांतील एक तुकडा, ॲक्रोलीन नांवाचा, मूत्राबरोबर मूत्राशयांत उतरतो. कढईंत तेल फार तापून जळूं लागलें म्हणजे जो धूर डोळ्यांना झोंबतो, त्यांत हेंच द्रव्य असतें. डोळ्यांना ज्याचा नुसता स्पर्श सोसत नाहीं तें तासन् तास मूत्राशयाच्या नाजूक अस्तरास लागून राहिलें तर अस्तर सोलून निघेल यांत नवल तें काय? १९७९ च्या सुमारास ॲक्रोलीनचा हा अपराध सिद्ध झाला. त्याच सुमारास ब्रॉक यांच्याच मंडळींनीं मेस्ना नांवाचें दुसरें औषध पुढें आणलें. तें मूत्रांत उतरून ॲक्रोलीनला गांठतें आणि निरुपद्रवी करितें. भरपूर पाणी चढवावें, मेस्ना द्यावें, आणि मूत्राशय वांचवावा, असा क्रम रूढ झाला. ज्यांनीं विषारी औषध निर्माण केलें त्यांनींच त्याचा उतारा शोधावा, असे प्रसंग इतिहासांत विरळा येतात.

परंतु एवढ्यानें प्रकरण मिटलें नाहीं. दक्ष डॉक्टरांच्या ध्यानांत एक विसंगति आली, आणि ती काळाची होती. सनावळीचें महत्त्व येथें दिसून येतें. औषधानें होणारा दाह औषध दिल्यापासून दोन-तीन दिवसांत, फार तर आठवड्याभरांत दिसला पाहिजे. पण कांहीं रोग्यांत रक्त सुरू होई तें तीन आठवड्यांनीं, पांच आठवड्यांनीं, कधीं त्याहूनहि उशिरां. ॲक्रोलीन शरीरांतून केव्हांच निघून गेलेलें असे. गुन्हेगार गांव सोडून महिना लोटल्यावर चोरी झाली तर ती त्याच्या माथीं कशी मारावी? दुसरा कोणी तरी घरांतच असला पाहिजे.

तो दुसरा कोण, याचा धागा लंडनमध्यें आधींच सांपडला होता. १९७० सालीं मूत्रपिंडाचें रोपण झालेल्या एका सुदानी गृहस्थाची मूत्रनलिका आकुंचित झाली. त्याची लघवी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां तींत विचित्र, मोठ्या केंद्राच्या पेशी दिसल्या. कर्करोगाच्या पेशींसारख्या भासणाऱ्या या पेशींस पुढें फसव्या पेशी असेंच नांव पडलें. अधिक शक्तीच्या विद्युत्-सूक्ष्मदर्शकांतून पाहिल्यावर त्या विषाणूंनीं गच्च भरलेल्या आढळल्या. डॉ. सिल्व्हिया गार्डनर आणि त्यांचे सहकारी यांनीं १९७१ सालीं हा शोध प्रसिद्ध केला. रोग्याचें नांव उघड करावयाचें नाहीं, या शिष्टाचारास अनुसरून त्याच्या नांवाचीं केवळ दोन आद्याक्षरें विषाणूस दिलीं गेलीं: बी. के. आज जगांतील प्रयोगशाळांच्या अहवालांत तीं दोन अक्षरें छापलीं जातात. तीं एका माणसाचीं आहेत हें फार थोड्यांस ठाऊक असतें.

येथून पुढें या कथेला पुण्याचा संबंध येतो. पुण्यास १९५२ सालीं विषाणु संशोधन केंद्र स्थापन झालें. १९७८ पासून आपण त्यास राष्ट्रीय विषाणु विज्ञान संस्था या नांवानें ओळखतों. १९५७ सालीं म्हैसूर राज्यांतील शिमोगा जिल्ह्यांत, क्यासनूरच्या रानांत माकडें पटापट मरूं लागलीं आणि माणसांनाहि ताप येऊं लागला, तेव्हां त्या रोगाचा छडा याच केंद्रानें लावला. त्या कामांतील तरुण संशोधकांत डॉ. कीर्ति शहा हे एक होते. पुढें ते अमेरिकेंत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत गेले. माकडांचा एसव्ही-४० नांवाचा विषाणु त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला, आणि बी. के. हा तर त्याच विषाणूचा माणसांत राहणारा भाऊबंद निघाला.

१९७३ सालीं शहा आणि त्यांचे सहकारी यांनीं मेरिलँड प्रांतांतील साध्या, धडधाकट लोकांचें रक्त तपासलें. निष्कर्ष चकित करणारा होता. बी. के. विषाणूशीं कधींकाळीं गांठ पडल्याची खूण त्यांच्यांतील बहुतेकांच्या रक्तांत मिळाली. पुढें इतर देशांतहि तेंच दिसून आलें. म्हणजे हा विषाणु कोणा एका रोग्याचा नव्हे. तो बहुतेक सर्वांचा आहे. लहानपणीं, साध्या सर्दीपडशासारख्या किंवा कळूनहि न येणाऱ्या दुखण्यांतून तो शरीरांत शिरतो, मूत्रपिंडांत आणि मूत्रमार्गाच्या अस्तरांत जाऊन निजतो, आणि पांढऱ्या पेशींचा पहारा जागता असेपर्यंत जन्मभर निजूनच राहतो. आपल्यापैकीं दहांतील आठनऊ जणांच्या शरीरांत तो या क्षणीं असण्याचा संभव आहे, आणि त्याचें आपणांस कांहीं सुखदुःख नाहीं.

दोन्ही धागे १९८६ सालीं एकत्र आले. हॉपकिन्स येथें डॉ. जॉर्ज सँटोस हे मज्जारोपणाचे एक आद्य प्रवर्तक होते. रे आर्थर, कीर्ति शहा, सँटोस आणि त्यांचे सहकारी यांनीं रोपण झालेल्या ५३ रोग्यांची लघवी वेळोवेळीं तपासण्याचें चिकाटीचें काम केलें. सात दिवस किंवा अधिक टिकणारा रक्तस्राव, ज्यांच्या लघवींत बी. के. विषाणु सांपडला त्यांच्यांत, न सांपडलेल्यांच्या चौपट आढळला. रक्त जात असतांना घेतलेल्या नमुन्यांपैकीं शेंकडा ५५ नमुन्यांत विषाणु होता; रक्त जात नसतांनाच्या नमुन्यांत तो शेंकडा ८ ते ११ एवढाच मिळाला. सिद्ध झालें तें एवढें, कीं उशिरां येणाऱ्या रक्तस्रावाचा संबंध बाहेरच्या विषापेक्षां बाळपणापासून अंगांत निजलेल्या या जुन्या भाडेकऱ्याशीं अधिक आहे.

तथापि इतिहासकारानें एकच कारण धरून बसूं नये. पुढें विषाणूंची मोजदाद करण्याच्या सूक्ष्म पद्धति निघाल्या, तेव्हां असें दिसलें कीं रोपणानंतर बी. के. विषाणु पुष्कळांच्याच लघवींत उतरतो. रक्त मात्र थोड्यांनाच जातें, आणि तें विशेषतः विषाणूची संख्या अफाट वाढते त्यांना. यावरून तज्ज्ञांचें मत असें बनलें आहे कीं येथें तीन गोष्टींचा संगम होतो. औषधांनीं आणि किरणांनीं मूत्राशयाचें अस्तर आधींच जर्जर केलेलें असतें. पहारा उठल्यामुळें विषाणु जागा होऊन त्या अस्तरांत मोकाट वाढतो. आणि नंतर नवी मज्जा रुजून नवे पहारेकरी येतात, ते विषाणूनें व्यापलेल्या अस्तरावर तुटून पडतात. घर वांचविण्यास आलेल्यांच्या हातूनच भिंती पडतात. नवी मज्जा रुजल्याच्या आनंदाच्या वेळींच रक्त कां दिसावें, या कोड्याचा उलगडा बहुधा असा आहे. या कामीं बी. के. एकटा नाहीं. १९५३ सालीं शोधलेल्या ॲडिनोव्हायरस या विषाणूच्या कांहीं जाती, त्यांतहि विशेषतः अकरावी, हाच विकार उत्पन्न करितात. निरोगी मुलांतहि ती मूत्राशयाचा दाह करिते हें जपानी डॉक्टरांनीं १९६८ सालींच दाखविलें होतें.

सायक्लोफॉस्फमाइडची कथाहि तेथेंच संपली नाहीं. पूर्ण जुळणारें भावंड नसेल त्या रोग्यास आईची, बापाची किंवा स्वतःच्या मुलाची अर्धी जुळणारी मज्जा देण्याची पद्धति हॉपकिन्स येथील डॉक्टरांनीं बसविली, आणि २००८ नंतर ती जगभर, आपल्या देशांतहि, पसरली. या पद्धतींत मज्जा दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशीं तेंच जुनें औषध पुन्हां देतात. ज्यांना दाता मिळत नव्हता अशा असंख्य रोग्यांना तिनें जीवदान दिलें. परंतु मूत्राशयाचा हा विकार या रोग्यांत अधिक आढळतो.

उपायांविषयीं सत्य सांगावयाचें तर, विषाणूवर हमखास लागू पडणारें औषध आजहि हातीं नाहीं. सिडोफोव्हिर नांवाचें औषध वापरतात, पण तें मूत्रपिंडास बाधक आहे आणि त्याची खात्री देतां येत नाहीं. बी. के. विषाणूला ओळखणाऱ्या निवडक पांढऱ्या पेशी बाहेर वाढवून रोग्यास द्याव्या, ही कल्पना मोठी आशादायक वाटली. परंतु अशाच एका तयार औषधाच्या मोठ्या चाचण्या डिसेंबर १९२३ नव्हे, अगदीं अलीकडे, डिसेंबर २०२३ मध्यें, यश दिसेना म्हणून थांबवाव्या लागल्या. प्रयत्न चालूच आहेत. तोंवर भिस्त आहे ती जुन्याच उपचारांवर: भरपूर द्रव देणें, बिंबिका आणि रक्त चढविणें, तिहेरी नळी घालून मूत्राशय सतत धुवून काढणें, वेदना शमविणें, आणि नव्या पहारेकऱ्यांना बळ येईपर्यंत धीर धरणें. बहुतेक रोगी यांतून कांहीं आठवड्यांत बाहेर पडतात. पण कांहींच्या जिवावरहि बेततें.

श्रोतेहो, ही हकीकत परळ आणि बाल्टिमोर येथें घडली. तिचा हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगांव किंवा औंढ्याच्या माणसास काय उपयोग, असें कोणी विचारील. आमच्या जिल्ह्यापासून मुंबई पांचशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आजाऱ्याबरोबर गेलेलें माणूस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत किंवा एखाद्या भाड्याच्या खोलींत महिनेच्या महिने काढतें, आणि रोपण झाल्यावर पहिले शंभर दिवस केंद्राजवळ राहा असें डॉक्टर सांगत असले तरी पैसा आणि शेतीचा हंगाम त्यास गांवाकडे ओढीत असतो. घरीं परतल्यावर लघवी तांबूस झाली, जळजळ होऊं लागली, तर आमच्याकडे प्रत्येकाच्या तोंडीं एकच निदान असतें: उन्हाळी लागली. मग धने-जिऱ्याचें पाणी, सब्जा, नाहीं तर वाळ्याचें सरबत. धडधाकट माणसाच्या उन्हाळीस हे उपाय बरे असतील. रोपण झालेल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या लघवीचा रंग पालटला किंवा जळजळ सुरू झाली तर त्याच दिवशीं रोपण केलेल्या केंद्रास कळवावें. वाट पाहूं नये. गांठी पडून लघवी अडली तर तो तांतडीचा प्रसंग समजावा.

याहूनहि एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. अशा घरांत दोष हुडकण्याची घाई होते. भावाच्या मज्जेंतूनच कांहीं आलें असेल, असें कोणी म्हणतें, आणि ज्यानें आपली मज्जा दिली तोच अपराधी ठरतो. सुनेनें पाणी नीट उकळलें नसेल, असें कोणी म्हणतें. आई तर मीच कांहीं चुकीचें खाऊं घातलें असें म्हणून स्वतःलाच दोष देते. शास्त्रज्ञांनीं जो पुरावा गोळा केला आहे तो या सर्वांना निर्दोष ठरवितो. मज्जारोपणांत जागा होणारा हा विषाणु बहुधा रोग्याच्या स्वतःच्याच शरीरांतला, त्याच्या बाळपणापासूनचा असतो. तो जागा झाला तो पहारा उठल्यामुळें, आणि पहारा उठविला तो प्राण वांचविण्याकरितां. अहवालावर बी. के. हीं अक्षरें दिसलीं तर आजाऱ्याच्या उशाशीं बसलेल्या माणसांनीं एकमेकांकडे संशयानें पाहूं नये. तीं अक्षरें १९७० सालीं लंडनच्या एका इस्पितळांत पडून असलेल्या एका परक्या रोग्याचीं आहेत, आणि ज्याची ती खूण आहे तो विषाणु त्या माणसांपैकींहि बहुतेकांच्या अंगांत निजलेला आहे.